टायरची जन्मतारीख

मे महिन्यात नवा टायर टाकला होता. मागचा. काळा कुळकुळीत, नक्षी अशी खोल की बोट आत जावं. दुकानदार म्हणाला, 'साहेब, आता दोन पावसाळे बघायला नको.' मीही खूश. घरी येऊन बायकोला बाइक फिरवून दाखवली. तिने नेहमीप्रमाणे 'किती घेतले?' एवढंच विचारलं.

जून २०२२. पहिला नीट पाऊस पडून तासभर झालेला. आम्ही दोघं सकाळी स्टेशनला निघालो होतो. तिला चर्चगेट फास्ट, मला अंधेरी. अंबाडी रोडवर पुढच्या रिक्षाने अचानक ब्रेक मारला. मीही मारला. स्पीड म्हणाल तर पंचवीस-तीस, त्याहून जास्त वसईत सकाळी कुणाला मिळतो? पण मागचं चाक साबणावरून सरकावं तसं बाजूला गेलं आणि आम्ही दोघं आडवे. मला खरचटण्यावर भागलं. तिचं मनगट फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर.

'रस्ता ओला होता,' असं मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होतो. मग गाडीचा वाकलेला फूटरेस्ट सरळ करायला आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी मागच्या टायरवर नख दाबून बघितलं, खाली वाकून बाजूचे आकडे वाचले आणि विचारलं, 'दादा, टायर घेताना त्याची जन्मतारीख बघितलीस का?'

टायरला जन्मतारीख असते? असते. माझ्या 'नव्या' टायरची होती ०९१७. म्हणजे २०१७ सालातला नववा आठवडा. पाच वर्षं तो कुठल्या तरी गोडाऊनमध्ये पडून होता. नक्षी शाबूत, पण रबर कडक झालेलं. प्लास्टिकच्या बादलीसारखं. दिसायला नवा, वागायला म्हातारा!

बाइक घेताना आपण महिनाभर रिसर्च करतो. कलर, मायलेज, पिकअप, रीसेल... सगळ्याचे फंडे क्लियर असतात. टायर बदलायची वेळ आली की मात्र 'काका, चांगला टाका' एवढ्यावर काम संपतं. म्हणूनच हा खटाटोप. पुढच्या वेळी दुकानात गेलात की काऊंटरवर टेकून न राहता खाली वाका. सगळी माहिती तिथेच छापलेली असते.

तळहाताएवढी मैत्री

आधी एक साधी गोष्ट. दीडशे किलोची बाइक, तुम्ही, डबलसीट बसलेलं माणूस आणि लॅपटॉपची बॅग, या सगळ्याला रस्त्याशी जोडून ठेवणारी जागा किती? प्रत्येक चाकामागे साधारण तळहाताएवढी, कधी त्याहूनही कमी. ब्रेक कितीही भारी असोत, ते फक्त चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो टायर. १२५ सीसीच्या वरच्या बाइक्सना २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, चांगलंच झालं. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पकड बनवून देत नाही. गोटा झालेल्या टायरवर एबीएसही हात टेकतं.

आता नक्षी कशासाठी? कोरड्या रस्त्यावर तिची फारशी गरज नसते, म्हणून तर रेसच्या गाड्या गुळगुळीत टायरवर पळतात. नक्षीचं खरं काम पावसात. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये आलेलं पाणी त्या खाचांमधून बाजूला फेकलं जातं, मग रबर रस्त्याला टेकतं. खाच उथळ झाली की पाणी जायला वाट नाही. आणि आपल्या वसई-विरारला पाण्याचं काय सांगायचं? जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडली होती, ते कोण विसरेल? जून ते सप्टेंबर चार महिने इथे टायरची परीक्षा असते, बाकीचे आठ महिने अभ्यासाचे.

बाजूला काय लिहिलंय?

उदाहरणादाखल पल्सर १५० चा मागचा टायर घेऊ. बाजूला दिसेल: १००/९०-१७ ५५पी. हे गूढ मंत्र नाहीत. एकेक करून बघा.

१०० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.

९० म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के. इथे १०० चे ९० टक्के, म्हणजे ९० मिमी.

१७ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. हा आकडा बदलायचा नाही. कधीच नाही.

५५ हा वजनाचा कोड. ५५ म्हणजे हा एक टायर, पूर्ण हवा असताना, २१८ किलो पेलतो. ५० असेल तर १९० किलो, ५७ असेल तर २३०.

पी हा वेगाचा कोड. जे म्हणजे ताशी १०० किमी, एल म्हणजे १२०, पी म्हणजे १५०, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०.

जुन्या गाड्यांवर २.७५-१८ असे इंचातले आकडेही दिसतील. वाचायची पद्धत सोपी: पावणेतीन इंच रुंद, अठरा इंची रिम.

वजन आणि वेगाचे कोड कंपनीने दिलेल्यापेक्षा वरचे चालतील, खालचे नाहीत. 'मी कुठे दीडशेने पळवतो?' हा युक्तिवाद नको. वेगाचा कोड टायर उष्णता किती सहन करतो याच्याशीही जोडलेला असतो, आणि मे महिन्यात हायवेवर डबलसीट जाताना ती उष्णता खरी असते.

आणि आता माझं दुखणं. गोलसर चौकटीत चार आकडे शोधा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३१२४ असेल तर २०२४ चा एकतिसावा आठवडा, म्हणजे जुलै संपता संपता किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला बनलेला. सहा-आठ महिन्यांचा टायर बिनधास्त घ्या. वर्षभराचा असेल आणि सावलीत नीट ठेवलेला असेल तरी हरकत नाही. दोन वर्षांच्या पुढे गेला की 'दुसरा दाखवा' म्हणा. दुकानदार 'माल सेमच आहे' म्हणाला तर हसून पुढच्या दुकानात जा. पाच-सहा वर्षांनंतर तर नक्षी शिल्लक असली तरी टायर काढलेला बरा. दिवसभर स्टेशनच्या पार्किंगमध्ये उन्हात तापणाऱ्या गाडीचा तर नक्कीच.

याच बाजूला आयएसआयचा शिक्काही दिसायला हवा, आयएस १५६२७ या नंबरसकट. टू-व्हीलर टायरसाठी तो सक्तीचा आहे. तो नसेल तर किंमत विचारूही नका. स्वस्तातले 'रिमोल्ड' टायरही बाइकला नकोच. जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवणं ट्रकच्या मागच्या चाकांना चालतं, दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याला नाही.

बदलायचा कधी?

नियम सांगतो, टू-व्हीलरच्या टायरची नक्षी ०.८ मिमीपेक्षा कमी नको. ती ओळखायला टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्याच्या रेषेत वर बघा, खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसेल. नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायरचा कार्यक्रम संपला.

पण हा नियम म्हणजे पासिंगचे मार्क आहेत. पस्तीस मिळाले म्हणून कुणी पेढे वाटत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर दीड-दोन मिमीच उरली असेल तर बदलून टाका. ब्रिटनमध्ये मोठ्या बाइक्सना १ मिमी आणि जर्मनीत १.६ मिमीची मर्यादा आहे, आणि तिथे आपल्यासारखा धो धो चार महिने पडतही नाही.

आणखी एक. रोज हायवेने ठाणे किंवा बोरिवली गाठणाऱ्यांचा मागचा टायर मधोमध चपटा होतो आणि कडांना नवा राहतो. मुंबई-अहमदाबाद हायवेवर आता बऱ्याच भागात काँक्रीट आहे. सरळ रस्ता आणि काँक्रीट, दोन्ही मिळून टायरची मधली पट्टी खातात. मग वळताना गाडी आधी अडते आणि एकदम पडल्यासारखी कलते. तुम्हाला वाटतं हँडल गेलं, प्रत्यक्षात टायर चौकोनी झालेला असतो. नक्षी मोजायची ती मधली मोजा, कडेची नाही.

तुमची गाडी कुठे धावते?

'बेस्ट टायर कुठला?' हा प्रश्न 'बेस्ट चप्पल कुठली?' असा आहे. कुठे जायचंय ते आधी सांगा! वसई-विरारमध्ये ढोबळमानाने तीन प्रकारचे बाइकवाले दिसतात.

स्टेशनवाले: घर ते स्टेशन, स्टेशन ते घर. आचोळे रोड, तुळिंज, मनवेलपाडा, अंबाडी. रोजचे सात-आठ किलोमीटर, त्यात पेव्हर ब्लॉक, गटाराची झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचा गुळगुळीत रंग आणि प्रत्येक पन्नास मीटरवर ब्रेक. यांचे किलोमीटर कमी, त्यामुळे टायर घासून नाही, वय होऊन म्हातारा होतो. यांनी 'जास्त टिकणारा' टायर घेण्यात अर्थच नाही, टिकायच्या आधीच रबर कडक होणार. ओल्यावर चांगला धरणारा, थोडा मऊ टायर घ्या.

हायवेवाले: वसई फाट्यावरून वर्सोवा पुलाकडे किंवा शिरसाडकडे. सातिवली, वालीवच्या कंपन्यांत जाणारेही यातच. रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर, ट्रकच्या मधून. यांना टिकाऊपणाही हवा आणि रबरही. मधे कडक आणि कडांना मऊ, असं दुहेरी रबर असलेले टायर काही साइजमध्ये मिळतात, ते विचारा. आणि रिम चालत असेल तर ट्यूबलेसच.

रविवारवाले: सकाळी सहाला अर्नाळा, राजोडी, कळंब, नाहीतर तुंगारेश्वर फाटा. इन्स्टावर फोटो. यांना खडबडीत ठोकळ्यांचे 'ऑफरोड लूक' टायर जाम आवडतात. दिसतात सही, मान्य. पण आठवड्याचे सहा दिवस तुम्ही डांबरावर आहात. ठोकळ्यांमुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी होतं, काँक्रीटवर आवाज येतो, ओल्या डांबरावर पकड कमी मिळते. राजोडीच्या रस्त्यावरच्या वाळूसाठी एवढा खर्च नको. वाळू दिसली की स्पीड कमी करा, फुकटात होतं.

मऊ की कडक?

टायरचं रबर म्हणजे नुसतं रबर नाही. नैसर्गिक आणि कृत्रिम रबर, गंधक, टायरला काळा करणारा आणि मजबुती देणारा कार्बन ब्लॅक, आणि ओल्यावरची पकड वाढवणारी सिलिका. याचं प्रमाण बदललं की स्वभाव बदलतो. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत कणांना मिठी मारतं, पण लवकर झिजतं. कडक रबर टिकतं, पण मिठी मारत नाही. दोन्ही शंभर टक्के एकाच टायरमध्ये मिळत नाहीत.

आता पैशाचा हिशोब करू. समजा, एक टायर २,६०० रुपयांचा आणि २०,००० किमी चालला. किलोमीटरला १३ पैसे. दुसरा मऊ, ४,००० रुपयांचा आणि १५,००० किमी चालला. साधारण २७ पैसे. फरक १४ पैशांचा. रोजचे आठ किलोमीटर असतील तर दिवसाला रुपया-सव्वा रुपया! स्टेशनबाहेरचा कटिंग चहासुद्धा याच्या कितीतरी पट महाग आहे. माझ्या बायकोच्या मनगटाचा एक्स-रे तर फारच.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय. दुकानदार जुन्याच भावाने बोलत असेल तर बिल मागा. बिल तसंही हवंच, वॉरंटीसाठी.

जाडा टायर, खोटा रुबाब

कॉलेजपासूनचं स्वप्न: मागून गाडी मस्क्युलर दिसली पाहिजे. २००८ मध्ये यामाहाची एफझी १४०/६०-१७ चा रुंद रेडियल टायर घेऊन आली आणि गल्लीगल्लीत सगळ्यांना आपापल्या बाइकचा टायर बारीक वाटायला लागला. पण एफझीची रिम, स्विंगआर्म सगळं त्या टायरसाठी बनलेलं होतं. तुमच्या बारीक रिमवर जाडा टायर बसवला की रिम त्याला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरते. टायर मधे फुगतो, आकार बिघडतो आणि रस्त्याला टेकणारी जागा कमीही होऊ शकते. म्हणजे पैसे जास्त आणि वळणावर भरवसा कमी! त्यात मायलेज घटतं, गाडी वळायला जड होते, आणि चेन किंवा मडगार्डला टायर घासला तर बघायलाच नको.

व्यासाचंही गणित आहे. १००/९०-१७ चा एकूण व्यास साधारण ६१२ मिमी. त्याजागी ११०/९०-१७ बसवला की ६३० मिमी, म्हणजे जवळपास तीन टक्के वाढ. ११०/८०-१७ घेतला तर ६०८, म्हणजे मूळच्या जवळ. एक साइज वाढवायचीच खुमखुमी असेल तर टायर कंपनीच्या तक्त्यात तुमच्या रिमच्या रुंदीला ती चालते का ते बघा आणि मगच. नाहीतर कंपनीने दिलेलीच साइज. स्प्लेंडर प्लस ८०/१००-१८ वर वर्षानुवर्षं धावतेय, आणि तिला कुणी बारीक म्हणून चिडवत नाही.

मुहूर्त आणि फिटिंग

ही गोष्ट फार कमी जण सांगतात. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर तो नीट धरत नाही, हळूहळू घासून खरखरीत व्हावा लागतो. तोवर जोरात ब्रेक नको, गाडी जास्त झुकवणं नको. रोजचे आठ किलोमीटर असतील तर दीडशे पूर्ण व्हायला एकोणीस दिवस लागतात! मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून. आणि २०२५ मध्ये तर तो २६ मे लाच येऊन धडकला होता. म्हणून टायरचा मुहूर्त एप्रिलअखेर किंवा मेचा पहिला आठवडा. पहिला पाऊस पडल्यावर पंक्चरवाल्याकडे जी लाइन लागते, त्यात तुम्ही नसावं.

फिटिंगच्या वेळी समोर उभे राहा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो चाकाच्या दिशेनेच हवा. पुढचा आणि मागचा टायर वेगळा असतो, 'मागचा अर्धा घासलाय, पुढे टाकून देऊ' ही काटकसर नको. ट्यूबचा टायर असेल तर ट्यूबही नवी. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवा. ट्यूबलेसचा फायदा असा की खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. रात्री अकरा वाजता शिरसाड फाट्याजवळ हा वेळ म्हणजे सोनं. मात्र साध्या स्पोकच्या रिमला ट्यूबच लागते. आणि पंक्चर टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल तर काढायचं नाही, टायर बदलायचा.

हवा? पल्सर १५० ला पुढे २५, मागे एकट्यासाठी २८ आणि डबलसीटला ३२ पीएसआय. तुमच्या गाडीचा आकडा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये आहे. दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना बघा. कमी हवेचा महागडा टायर हा बरोबर हवेच्या साध्या टायरपुढे हरतो.

जाता जाता: फुग्यापासून टायरपर्यंत

- हवेचा टायर प्रत्यक्षात वापरात आणला तो एका जनावरांच्या डॉक्टरने. बेलफास्टच्या जॉन बॉयड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो बनवला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं.

- एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. सुरुवात १९४६ मध्ये, खेळण्यातले फुगे बनवून!

- सिएट हे नाव इटालियन. १९२४ मध्ये तुरीनला सुरू झालेली ही कंपनी मुळात विजेच्या केबल्सची. भारतात ती १९५८ मध्ये आली आणि कारखाना निघाला आपल्या भांडुपला. १९८२ पासून ती आरपीजी ग्रुपकडे आहे.

दुकानात जाताना खिशात ठेवा

- साइज, वजन आणि वेगाचा कोड: जुन्या टायरचा फोटो मोबाइलमध्ये.

- चार आकडी जन्मतारीख: पैसे देण्याआधी, बसवण्याआधी.

- आयएसआय शिक्का आणि छापील बिल.

- दिशेचा बाण, नवा व्हॉल्व्ह किंवा नवी ट्यूब.

- दीडशे किलोमीटर सबुरी.

आमच्या घरी आता नवा नियम आहे. दर एक मे ला, महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते म्हणून, मी खाली उतरून दोन्ही टायर बघतो. गेल्या वेळी मागचा बदलला. घरी येऊन गाडी फिरवून दाखवली. यावेळी बायकोने 'किती घेतले?' विचारलं नाही. मोबाइलचा टॉर्च लावून ती खाली वाकली, आकडे वाचले आणि म्हणाली, 'चार महिन्यांचा आहे. चल, मला स्टेशनला सोड.'